अनिच्कोव यांचे ससे

रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आकडा थोडा चढलेला दिसला की आपल्याकडील मध्यमवर्गीय घरात अंडी, लोणी आणि साजूक तूप यांच्यावर संक्रांत येते. काही दिवसांनी कोणी स्नेही भेटतो आणि कोलेस्टेरॉलची भीती हे औषध कंपन्यांनी रचलेले थोतांड आहे असे छातीठोकपणे सांगतो. मग तूप परत येते आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद होते. या दोन्ही मतांचा उगम ज्या प्रयोगाशी जाऊन पोहोचतो, तो प्रयोग १९१३ साली रशियात एका तरुण लष्करी वैद्यकाने केला. निकोलाय निकोलायेविच अनिच्कोव हे त्यांचे नाव. विकृतिशास्त्राच्या इतिहासात या नावाला अढळ स्थान आहे. प्रयोगाने नेमके काय सिद्ध केले याविषयी मात्र शंभर वर्षांनंतरही घोळ चालू आहे.

अनिच्कोव यांचा जन्म १८८५ सालच्या नोव्हेंबरात सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील झारच्या राजवटीत शिक्षणखात्याचे उपमंत्री होते. १९०९ मध्ये अनिच्कोव राजधानीतील लष्करी वैद्यक अकादमीतून पदवीधर झाले. धमन्या कठीण होणे हे केस पिकण्यासारखे वार्धक्याचे अटळ लक्षण आहे, अशी त्या काळी बहुतेक वैद्यकांची समजूत होती. याच अकादमीतील इग्नातोव्स्की यांनी १९०८ साली सशांना मांस, दूध व अंडी खाऊ घातली आणि त्यांच्या महाधमनीत माणसांत आढळतात तसले थर निर्माण झालेले पाहिले. प्राणिज प्रथिने शरीरात विषासारखी वागतात, असा अर्थ त्यांनी त्यावरून लावला. पुढील प्रयोगांत असे दिसले की अंड्याच्या पांढऱ्या भागाने काही होत नाही. जो काही उत्पात आहे तो पिवळ्या बलकात. मग प्रथिनांवरचा आरोप टिकणार कसा?

अनिच्कोव आणि त्यांचा विद्यार्थी सेम्योन खालातोव यांनी येथे एक साधा पण निर्णायक उपाय योजला. बलकातील शुद्ध कोलेस्टेरॉल वेगळे काढून ते सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून त्यांनी सशांना दिले. दुसऱ्या गटातील सशांना तेच तेल दिले, पण कोलेस्टेरॉलविना. पहिल्या गटाच्या धमन्यांत काही आठवड्यांतच मेदाचे थर दिसू लागले, दुसऱ्या गटाच्या धमन्या स्वच्छ राहिल्या. या दुसऱ्या गटामुळेच प्रयोगाला वजन आले. सूक्ष्मदर्शकाखाली अनिच्कोव यांनी आणखी पुष्कळ पाहिले. मेदाच्या थेंबांनी फुगलेल्या पेशी त्यांनी वर्णन केल्या. कोलेस्टेरॉल रक्तातून धमनीच्या भिंतीत शिरते, रक्तदाबाचा त्यात वाटा असतो, आहार बंद केल्यास मेद हळूहळू कमी होऊ शकतो, ही निरीक्षणे त्यांनी पुढील वर्षांत केली. (जाता जाता सांगायचे तर, सूर्यफुलाचे पीक तेलासाठी आपल्याकडे १९६९च्या सुमारास रशियन वाणांच्याच रूपाने आले.)

एवढा स्पष्ट पुरावा हाती असताना पुढची जवळजवळ चार दशके वैद्यकशास्त्राने त्याकडे पाठ फिरवली. प्रबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला होता, १९३३ साली अनिच्कोव यांचे विस्तृत प्रकरण इंग्रजी ग्रंथातही आले. तेव्हा भाषेची सबब चालणार नाही. ससा हा शाकाहारी प्राणी, त्याच्या पोटात जे कधी जात नाही ते कोंबल्यावर काय होते यावरून माणसाविषयी काय शिकायचे, असा आक्षेप घेतला गेला. तोच आहार उंदीर आणि कुत्रे यांना दिल्यावर धमन्यांना काहीच झाले नाही, हा दुसरा आक्षेप अधिक जड होता. तथापि त्याचे उत्तर साध्या मोजणीने मिळण्यासारखे होते. उंदीर आणि कुत्रे जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करून ते बाहेर टाकतात, त्यामुळे त्यांच्या रक्तातील प्रमाण फारसे वाढत नाही. अमेरिकेत १९४६ साली कुत्र्यांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे कार्य औषधाने दाबून त्यांना कोलेस्टेरॉल दिल्यावर त्यांच्याही धमन्यांत थर जमले. पोटात काय गेले यापेक्षा रक्तात किती साठले याला महत्त्व आहे, हे सशांच्या प्रयोगातच वाचता आले असते. ते वाचले गेले नाही. एका प्रयोगाला दुसऱ्या प्राण्यात दुजोरा मिळाला नाही म्हणून तो मोडीत काढणे ही सोयीची वाट होती, आणि वार्धक्यावर खापर फोडून मोकळे होण्याची सवय जुनी होती.

अनिच्कोव मात्र रशियातच राहिले. झारच्या उपमंत्र्याचा हा मुलगा क्रांतीनंतरही अढळ राहिला, विज्ञान अकादमीचा सदस्य झाला, १९४२ साली स्टालिन पारितोषिकाचा मानकरी ठरला आणि लष्करी वैद्यकसेवेत लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. १९४६ ते १९५३ या काळात ते सोव्हिएत वैद्यक अकादमीचे अध्यक्ष होते. १९५० साली दोन अकादम्यांचे जे संयुक्त अधिवेशन पावलोव यांच्या नावाने भरले, त्यात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओर्बेली यांच्यासारख्यांना पाखंडी ठरवून पदांवरून दूर करण्यात आले. त्या दोहोंपैकी एका अकादमीचे अध्यक्ष अनिच्कोव होते. गौरव करताना ही बाब झाकण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेतला निर्भीडपणा सत्तेपुढे टिकतोच असे नाही. मार्च १९५३ मध्ये स्टालिन मेंदूतील रक्तस्रावाने वारले, तेव्हा कित्येक नामवंत डॉक्टर खोट्या आरोपांखाली तुरुंगात होते. शवविच्छेदनाच्या अहवालात मेंदूच्या धमन्यांतील धमनीकाठिण्याची नोंद झाली. त्यावर सही करणाऱ्यांत अनिच्कोव होते. त्यांचा मृत्यू १९६४ साली लेनिनग्राड येथे झाला.

त्यांच्या कामाची पुनर्स्थापना बाहेरच्या देशांत झाली. अमेरिकेतील गॉफमन यांनी १९५० साली अतिवेगवान अपकेंद्रित्राच्या साहाय्याने रक्तातील कोलेस्टेरॉलवाहक कण वेगळे केले. फ्रेमिंगहॅम गावातील १९४८ पासूनच्या पाहणीने रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध माणसांत दाखविला. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी १९७४च्या सुमारास पेशींवरील ग्राहींचा शोध लावला आणि १९८५ साली नोबेल मिळविले. जपानमध्ये वातानाबे यांना १९७३ साली एक ससा सापडला. त्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल जन्मतःच अतोनात होते. त्याला बलक कोणी भरवला नव्हता, तो इतर सशांप्रमाणे पालाच खात होता, आणि तरीही त्याच्या वंशातील सशांच्या धमन्या थरांनी भरून जात. शाकाहारी सशाचा आक्षेप अखेर एका शाकाहारी सशानेच खोडून काढला. १९९४ साली स्कॅंडिनेव्हियात ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीत स्टॅटिन वर्गातील औषधाने साडेपाच वर्षांच्या आसपास एकूण मृत्यूंत ३० टक्के घट झाली.

आता अंड्याचा प्रश्न. माणसाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बहुतांशी यकृतात तयार होते. अन्नातील कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुसंख्य लोकांत माफक असतो, आणि लोणी, तूप, पाम तेल यांतील संपृक्त मेदाम्लांचा परिणाम त्याहून अधिक. म्हणूनच अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेने दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५च्या आवृत्तीत वगळली, तथापि संपृक्त मेदांची मर्यादा कायम ठेवली. या एका बदलाचा आधार घेऊन कोलेस्टेरॉल निर्दोष ठरले असे सांगणारे स्नेही अनिच्कोव यांना खोटे पाडल्याच्या समाधानात असतात. ससा हा अन्नातील कोलेस्टेरॉल रक्तात सहज साठविणारा प्राणी आहे, एवढेच त्यातून निघते. रक्तात ते साठले की धमनीचे काय होते, हे ज्या प्रयोगाने दाखविले त्याला धक्काही लागलेला नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने गोळी सोडायची की नाही, हे या शेवटच्या वाक्याशी निगडित आहे. सकाळच्या ऑम्लेटशी त्याचा संबंध फार थोडा.