छोट्या फियाटला विंचवाचा डंख देणारा कार्लो अबार्थ

फियाट ५०० म्हणजे इवलीशी गाडी. इंजिन ५०० सीसीचं, ताकद जेमतेम १८ हॉर्सपॉवर. कार्लो अबार्थने तीच २७ हॉर्सपॉवरवर नेली.

जन्म १९०८ चा, व्हिएन्नातला. तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यती गाजवल्या. जबर अपघाताने त्या थांबल्या, वेगाचं वेड मात्र गेलं नाही. १९४९ मध्ये त्याने इटलीत कंपनी काढली. रास वृश्चिक, म्हणून बोधचिन्ह विंचू!

कंपनीचं नाव झालं ते सायलेन्सरमुळे. जळलेला वायू झटकन बाहेर पडला की इंजिनात ताजी हवा जास्त शिरते, हे गणित त्याला पक्कं ठाऊक होतं. १९६३ च्या ‘५९५’ मध्ये त्याने सिलिंडर रुंद केले, कार्ब्युरेटर मोठा बसवला, हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त दाबलं. गाडी ताशी १२० किलोमीटर पळू लागली. ज्यांच्या दारात आधीच फियाट होती, त्यांच्यासाठी सुट्या भागांची पेटीही मिळायची.

१९६५ मध्ये विक्रमाच्या अरुंद गाडीत मावण्यासाठी त्याने सफरचंदं खाऊन ३० किलो वजन उतरवलं.

पण शर्यतींचा खर्च झेपेना. ज्या फियाटच्या गाड्या सुधारून तो मोठा झाला, तिलाच १९७१ मध्ये कंपनी विकावी लागली. १९७९ मध्ये अबार्थ गेला. त्याचा विंचू आजही गाड्यांवर आहे.