मण्यांनी मोजलेली वाट

हिमालयाच्या कुशीत, कुमाऊँमधील जोहार खोऱ्यात मिलम नावाचे एक गाव आहे. तेथील लोक उन्हाळ्यात उंच खिंडी ओलांडून तिबेटात जात. जाताना धान्य व कापड न्यावे आणि येताना मीठ व लोकर आणावी, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार होता. याच गावात १८३० साली नैनसिंग रावत यांचा जन्म झाला. लहानपणापासून त्यांना तिबेटी बोली व तिबेटी रीतिरिवाज अवगत होते. पुढे ते आपल्या भागातील शाळेत शिक्षक झाले. लोक त्यांना पंडित म्हणू लागले.

त्या काळी हिंदुस्थानचे नकाशे बरेच तपशीलवार तयार झाले होते. परंतु हिमालयापलीकडे कागद जवळजवळ कोराच होता. ल्हासा शहर नेमके कोठे आहे, हेही नकाशा काढणारांस ठाऊक नव्हते. तिबेटात परक्या माणसास प्रवेश नव्हता. चोरून मोजणी करताना कोणी सापडला तर त्याची धडगत नसे. तेव्हा मोजणी खात्यातील अधिकारी माँटगोमेरी यांनी पहाडी माणसांनाच हे काम शिकविण्याचे ठरविले. १८६३ साली नैनसिंग व त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग डेहराडून येथे शिकावयास आले.

तेथे त्यांना प्रथम चालावयास शिकविण्यात आले! चढ असो वा उतार, प्रत्येक पाऊल सारखेच पडले पाहिजे. एका मैलास दोन हजार पावले. पावले मोजण्यासाठी हातात जपमाळ असे. जपमाळेत एरवी १०८ मणी असतात; या माळेत मात्र १०० होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढावयाचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल झाले. जप करीत चाललेल्या यात्रेकरूशी सहसा कोणी बोलत नाही, त्यामुळे मोजणीही चुकत नसे. हातातील प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या होत्या. त्यांवर टिपणे लिहावयाची.

अंतर पावलांनी कळे व दिशा होकायंत्राने. या दोहोंवरून कागदावर वाट रेखता येते. परंतु प्रत्येक टप्प्यातील बारीकशी चूक साठत जाऊन शेवटी मोठी होते. म्हणून मधूनमधून सूर्य किंवा तारा किती अंशांवर आहे हे मोजून अक्षांश काढावा लागे. डोंगरांमुळे क्षितिज दिसत नाही, तेव्हा लाकडी वाटीत पारा ओतून त्याच्या सपाट पृष्ठात ताऱ्याचे प्रतिबिंब पाहावयाचे. हा पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केलेला असे आणि कोन मोजण्याचे यंत्र पेटीच्या चोरकप्प्यात. उंचीसाठी पाणी उकळीत. जितके उंच जावे तितके पाणी कमी उष्णतेस उकळते.

१८६५ साली दोघे भाऊ निघाले. नेपाळच्या सरहद्दीवर तिबेटी पहारेकऱ्यांनी त्यांना परत फिरविले. नैनसिंगांनी मग वेष पालटला, वेणी बांधली आणि लडाखी व्यापारी म्हणून दुसऱ्यांदा प्रवेश मिळविला. शिगात्से येथे बरोबरच्या मंडळींसह त्यांना मठातील थोर लामांच्या दर्शनास जावे लागले. हे लामा माणसाच्या मनातले ओळखतात अशी ख्याती होती. पंडितांच्या मनात तर मोठेच गुपित होते! पण समोर एक लहान मुलगा बसला होता. त्याने रीतीप्रमाणे दोन-तीन साधे प्रश्न विचारले व त्यांना निरोप दिला.

जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासास पोहोचले. पैसे संपत आले तेव्हा व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून त्यांनी दिवस काढले. शेवटी मास्तरकीच उपयोगी पडली. रात्री सारे निजले म्हणजे ते ताऱ्यांचे वेध घेत. त्यांनी काढलेला ल्हासाचा अक्षांश आजच्या मोजणीशी फार जवळून जुळतो. याच शहरात परवानगीवाचून आलेल्या एका माणसाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला. पुढे दोन काश्मिरी व्यापाऱ्यांनी त्यांचे सोंग ओळखले. त्यांच्या एका शब्दाने पंडितांचे प्राण गेले असते. त्या भल्या माणसांनी मात्र गुपित राखलेच, शिवाय थोडे पैसेही उसने दिले.

परतताना त्सांगपो नदीच्या काठाकाठाने मानसरोवराकडे जाणारी वाट त्यांनी तशीच मोजीत आणली. सारा प्रवास सुमारे १२०० मैलांचा झाला, म्हणजे जवळजवळ चोवीस लाख पावले!

१८६७ साली ते तिबेटातील सोन्याच्या खाणींकडे जाऊन आले. १८७४ मध्ये लेहहून निघून ते पुन्हा ल्हासास गेले आणि तवांगमार्गे १८७५ साली आसामात उतरले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. तोवर खडतर प्रवासांनी त्यांची प्रकृती खालावली होती. ते पुन्हा तिबेटात गेले नाहीत. मोजणीसाठी निवडलेल्या पहाडी तरुणांना शिकविण्याचे काम त्यांनी केले. पाऊल किती लांब टाकावे आणि मणी केव्हा ओढावा, येथूनच त्यांचे धडे सुरू होत.