मरुत्सखाचं मॉडेल बनवायला बसलो आणि तळपदे भेटले

राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी एका मराठी माणसाने मुंबईत विमान उडवलं होतं, हा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आलाच असेल. माझ्याकडे तो तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आलाय. मी तो कधी पुढे पाठवला नाही आणि खोडूनही काढला नाही. काकांशी वाद कोण घालणार?

पण गेल्या पावसाळ्यात बाजू घ्यायची वेळ आलीच.

मी मुळशी तालुक्यात, पौडजवळ राहतो आणि फावल्या वेळात विमानांची स्केल मॉडेल बनवतो. म्हणजे प्लॅस्टिकचं किट आणायचं, सुटे भाग निपरने कापायचे, घासायचे, चिकटवायचे, फटी पुट्टीने भरायच्या, मग प्रायमर, रंग, डिकल आणि शेवटी क्लिअर कोट. भाच्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिथल्या सरांनी निरोप धाडला की शिवकर बापूजी तळपदे यांच्या मरुत्सखा विमानाचं एक छान मॉडेल करून द्या, मुलांना अभिमान वाटेल. मी लगेच हो म्हटलं. नुकतंच राईट फ्लायरचं १/७२ स्केलचं किट संपवलं होतं. खऱ्या विमानाचे पंख १२.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये फक्त १७ सेंटिमीटर, आणि दोन पंखांच्या मधल्या तारा केसाएवढ्या. प्रत्येक तार चिमट्याने ताणून लावताना श्वास रोखून बसावं लागायचं. त्यापुढे हे काय अवघड, असं वाटलं.

अवघड निघालं, पण वेगळ्याच कारणाने. ज्या विमानाचं किट मिळत नाही ते आपण स्वतः कार्डशीट, तार, बांबूच्या काड्या यातून बनवतो. त्यासाठी आधी रेफरन्स लागतो: आराखडा, निदान एक फोटो, निदान लांबी-रुंदी. एक माप कळलं तर फोटोवरून बाकीची काढता येतात. मरुत्सखाचं मला एकही माप मिळालं नाही. इंटरनेटवर चित्रं ढीगभर आहेत. एकात ते तबकडीसारखं, एकात पक्ष्यासारखं, एकात बांबूच्या पिंपासारखं दिसतं. विमान सापडेना म्हणून मग माणसाबद्दल वाचायला लागलो.

चिराबाजारातले तळपदे

तळपदे यांचा जन्म १८६४ चा, मुंबईतल्या चिराबाजार भागातला, पाठारे प्रभू समाजातला. पुढे ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षक झाले. हे महत्त्वाचं आहे. चित्रकला आणि हस्तकौशल्य शिकवणाऱ्या संस्थेतला हा माणूस होता, म्हणजे कागदावरची कल्पना हाताने घडवून बघायची सवय असलेल्या लोकांतला.

त्यांना विमानाचं वेड लागलं ते संस्कृतमधून. त्यांचे गुरू चिरंजीलाल वर्मा यांनी त्यांचं लक्ष स्वामी दयानंद सरस्वतींच्या ग्रंथांकडे वळवलं. दयानंदांनी आर्य समाजाची स्थापना १८७५ मध्ये केली तीसुद्धा मुंबईतच, गिरगावात. तळपदे तेव्हा अकरा वर्षांचे होते. दयानंदांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिका या ग्रंथात नौका आणि विमान यांच्या विद्येवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. वेदांत यंत्रविद्या आहे असं त्यांचं म्हणणं होतं. एखादा तरुण शिक्षक हे वाचून पेटला नसता तरच नवल. त्या काळात रेल्वे, तार, गिरण्या सगळं साहेबाने आणलेलं. आपल्याकडेही काही होतं, हे सिद्ध करायची इच्छा फक्त तळपदेंना होती असं नाही.

ते आर्य समाजाच्या कामात राहिले, वेदांवर लिहीत राहिले. प्राचीन विमान कलेचा शोध हे त्यांचं मराठी पुस्तक १९०७ मध्ये आलं. मन आणि त्याचे बळ, गुरुमंत्र महिमा अशीही त्यांची पुस्तकं आहेत. म्हणजे फॉरवर्डमधला एकाकी, गरीब, इंग्रजांनी दाबून टाकलेला शास्त्रज्ञ हा काही खरा माणूस नाही. खरे तळपदे लिहिणारे, छापणारे, लोकांत वावरणारे होते.

१८९५ ची ती दुपार

आता मुख्य गोष्ट. सांगतात ती अशी: १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर तळपदेंनी मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र, हे माणूस नसलेलं विमान उडवलं. ते १५०० फुटांवर गेलं आणि खाली पडलं. बघायला न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड हजर होते, आणि केसरीत बातमी आली. मला आलेल्या तिन्ही मेसेजमध्ये केसरीचं नाव आहे, अंकाची तारीख मात्र एकातही नाही.

१५०० फूट म्हणजे किती? राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. एकावर एक पाच राजाबाई टॉवर ठेवले तरी १४०० च होतात. एवढ्या उंचीवर काही गेलं तर ते फक्त चौपाटीवरच्या दोन पाहुण्यांना दिसणार नाही, अर्धी मुंबई गच्चीवर येईल. आणि ती मुंबई काही मुकी नव्हती. टाइम्स ऑफ इंडिया, बॉम्बे गॅझेट, इंदुप्रकाश सगळे चालू होते. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचा सिनेमा दाखवला गेला तर त्याची जाहिरात आजही टाइम्समध्ये वाचता येते. शहरात कॅमेरे होते, फोटोग्राफर होते. तरी या उड्डाणाची त्या वेळची एकही भरवशाची नोंद आजवर पुढे आलेली नाही.

तुलनेला दुसरं एक नाव घेतो, सॅम्युअल लँग्ली. अमेरिकेत पोटोमॅक नदीवर ६ मे १८९६ ला त्यांचं पाचव्या नंबरचं एरोड्रोम उडालं. त्यातही माणूस नव्हता. वजन सुमारे ११ किलो, पंखांचा विस्तार सव्वाचार मीटरच्या आत, वाफेचं छोटं इंजिन. ते साधारण एक किलोमीटर गेलं. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे हजर होते आणि त्यांनी फोटो काढले. ते यंत्र आजही जपलेलं आहे. त्याचं मॉडेल मी डोळे झाकून बनवू शकतो, कारण प्रत्येक काठीचं माप छापलेलं आहे.

पारा इंधन असतो का?

बऱ्याच आवृत्त्यांमध्ये मरुत्सखा पाऱ्यावर चालायचं असं म्हणतात. तुमच्या मनात इथे शंका यायला हवी. इंधन म्हणजे जळून ऊर्जा देणारी वस्तू. पारा तसा जळत नाही. तो तापवला तर ३५७ अंश सेल्सियसला उकळतो आणि त्याची वाफ होते, जशी पाण्याची १०० अंशांना होते. त्या वाफेने टर्बाइन फिरवता येतं. विसाव्या शतकात अमेरिकेत पाऱ्याच्या वाफेवर वीज बनवणारी केंद्रं खरोखर होती. पण तापवायला खाली कोळसा किंवा तेल लागलंच. शिवाय पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड आणि त्याची वाफ विषारी. प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवावा लागतो अशा यंत्रात हे भरायचं, हे जमत नाही.

दुसरी अडचण आकाराची. मॉडेल दहापट मोठं केलं की पंखांचं क्षेत्रफळ शंभरपट होतं, पण वजन हजारपट. म्हणून हातातलं उडालं तरी माणूस बसेल एवढं उडेलच असं नाही. लँग्लींनाही हाच फटका बसला. त्यांचं माणूस नेणारं मोठं यंत्र १९०३ मध्ये दोनदा सरळ नदीत गेलं. दुसऱ्यांदा पडलं ८ डिसेंबरला, आणि १७ डिसेंबरला राईट बंधू उडाले.

मग वैमानिक शास्त्र?

फॉरवर्डमध्ये हेही असतं की तळपदेंनी भरद्वाज ऋषींच्या वैमानिक शास्त्रावरून विमान केलं. इथे तारखा बघाच. हा ग्रंथ बंगळुरूजवळच्या आनेकलचे पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितला आणि तो १९१८ ते १९२३ या काळात लिहून घेतला गेला. त्यातली शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या विमानांची चित्रं १९२३ मध्ये एका ड्राफ्ट्समनने काढली. तळपदे गेले १९१६ च्या सुमारास. जो ग्रंथ कागदावर आलाच नव्हता तो १८९५ मध्ये त्यांच्या टेबलावर कसा असणार?

१९७४ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच संशोधकांनी हा ग्रंथ आणि चित्रं नीट तपासली. भाषा वेदकालीन नाही, अलीकडची आहे, आणि या रचनेतलं काहीही उडणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तळपदेंचा उल्लेख त्यांच्या लेखात येतो: आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत तळपदेंनी सुब्बराय शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली मॉडेल बनवली, पण एकही उडालं नाही.

हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. बाहेर झड लागली होती, लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात वाचत होतो. फॉरवर्डमधल्या १५०० फुटांनी मला काहीच झालं नव्हतं, या न उडालेल्या मॉडेलांनी झालं. पन्नाशीतला माणूस, तीसेक वर्षांचं वेड, आणि तरीही पुन्हा काड्या बांधायला बसतो. ज्याने कधी स्वतःच्या हाताने काही बनवलंय त्याला हे कळेल.

त्यांच्यामागे यंत्राचं काय झालं? ते नातेवाईकांनी एका इंग्रज व्यापारी कंपनीला विकलं असंही सांगतात. त्यालाही कागद नाही. गोष्ट मात्र वाढत गेली. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद झाला. त्याच महिन्याच्या शेवटी तळपदेंवरचा हवाईजादा सिनेमा आला. त्यात आयुष्मान खुराना उडतो. आज सर्च केल्यावर जी रंगीत चित्रं दिसतात ती बरीचशी या सगळ्यानंतरची आहेत. हौशी मॉडेलवाल्यांनी त्यावरून मॉडेल केली, त्यांचे फोटो पुन्हा पुरावा म्हणून फिरायला लागले.

माझीही भीती तीच होती. मी चांगलं काम करतो, हे सांगायला लाजत नाही. बांबूची चौकट, रेशमी कापड, पितळी नळ्या, थोडा मळकट रंग, असं मरुत्सखा मी इतकं खरं केलं असतं की आठवीतल्या पोराने फोटो काढून स्टेटसला ठेवला असता, आणि सहा महिन्यांनी तो फोटो काकांकडून माझ्याकडेच परत आला असता.

सरांना जाऊन सांगितलं. ते आधी हिरमुसले. मग मी तारखा कागदावर मांडल्या, १८९५, १९०७, १९१६, १९२३, आणि त्यांनी स्वतःच बोट ठेवून ओळ लावली.

शेवटी दोन गोष्टी केल्या. एक, लँग्लींचं एरोड्रोम, १/२४ स्केलमध्ये, पंख साडेसतरा सेंटिमीटर. दुसरं, एक छोटी खोली: टेबल, कंदील, संस्कृत पोथी, बांबूच्या काड्या, सुतळी, आणि टेबलावर कापडाखाली झाकलेलं काहीतरी. समोर बसलेला पगडीवाला माणूस. खाली पाटी: शिवकर बापूजी तळपदे, कलाशिक्षक आणि लेखक, विमानाचे माप उपलब्ध नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री क्लिअर कोट मारला आणि एरोड्रोमचा डावा पंख दुधासारखा पांढरा झाला. मुळशीच्या पावसाळ्यात हे होतंच. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि थरात अडकतं. हळू उडणारं थिनर वरून हलकेच फवारलं की बऱ्याचदा सुटतं. अर्धं सुटलं, अर्धं राहिलं. मुलांनी विचारलं तर सांगू ढग आहे, असं भाच्याने सुचवलं. पण मुलं त्या पंखाकडे फारशी बघतच नव्हती. सगळी दुसऱ्या काचेपाशी वाकून कापडाखाली काय आहे ते बघायचा प्रयत्न करत होती.