चार सुती बोल्टामागचा माणूस : सर जोसेफ व्हिटवर्थ

आमच्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनच्या हंगामात जिकडे बघाल तिकडे ट्रॅक्टर-ट्रॉली! चॅनलचा सांगाडा, त्याला बोल्टने आवळलेले पाटे आणि हुक. मिस्त्री बोल्ट मागतो तो 'चार सुती', म्हणजे अर्धा इंची. त्याचे आटे कोणी ठरवले, हे मला इंजिनिअरिंगला आल्यावरच कळलं.

जोसेफ व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. चौदाव्या वर्षी त्यांना मामाच्या सूतगिरणीत पाठवलं. पण यांचा जीव यंत्रांत! गिरणी सोडून ते मँचेस्टरला साधे मेकॅनिक झाले. पुढे लंडनला मॉडस्ले यांच्या नामांकित वर्कशॉपमध्ये हात तयार केला आणि १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला.

त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. बोल्ट तुटला की त्याच कारखान्याचं दार गाठायचं. व्हिटवर्थ यांनी काय केलं? निरनिराळ्या वर्कशॉपमधले बोल्ट जमवले, मोजले आणि सरासरी काढली. १८४१ मध्ये त्यांनी नियम मांडला : आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला आट्यांची संख्या ठरलेली. पाव इंचीला दर इंचात २०, अर्धा इंचीला १२, एक इंचीला ८. रेल्वे कंपन्यांनी तो उचलला आणि इंग्रजी यंत्रांबरोबर हे आटे आपल्याकडेही आले.

मोजमापाचं तर त्यांना वेडच! १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्यांनी इंचाचा दशलक्षांश भाग दाखवणारं यंत्र मांडलं. त्यांची षटकोनी नळीची रायफल अचूक होती, तरी ब्रिटिश लष्कराने ती स्वीकारली नाही. असो. १८६८ मध्ये त्यांनी होतकरू इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या, १८६९ मध्ये 'सर' झाले आणि २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो इथे वारले.

आता कोणी म्हणेल, मेट्रिकच्या जमान्यात हे कशाला? तर ऐका. एम-१२ बोल्ट १२ मिलिमीटरचा, पिच १.७५. चार सुती बोल्ट १२.७ मिलिमीटरचा, पिच साधारण २.१२. एम-१२ बोल्टावर चार सुती नट ढिला चढतो आणि थोड्या फेऱ्यांत अडतो. मिस्त्रीला वाटतं, आवळला. प्रत्यक्षात सगळा भार दोन-तीन आट्यांच्या टोकांवर! भरलेली ट्रॉली खड्ड्यांत आदळली की ते टोक झिजतं, आणि हुक सुटला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय?

म्हणून नट आधी हाताने फिरवून बघा. मध्येच अडला तर पान्याने जोर लावू नका, थ्रेड पिच गेज लावा. व्हिटवर्थ यांनी आयुष्यभर हेच तर केलं : अंदाज सोडला आणि मोजलं.