बायकोचे नमुने तपासत कॅन्सरच्या टेस्टपर्यंत पोहोचलेला डॉक्टर एकेकाळी गालिचे विकत होता

पॅप स्मिअर हे नाव बायकांच्या दवाखान्यात कधी ना कधी कानावर पडतं. यातलं ‘पॅप’ म्हणजे एका माणसाचं अर्धं आडनाव. पूर्ण उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून जगाने अर्ध्यावर भागवलं. जॉर्ज पापानिकोलाऊ.

गडी ग्रीसचा. १८८३ चा जन्म, किमी हे गाव. बाप डॉक्टर. पोरगंही अथेन्समधून डॉक्टर झालं, पुढे म्युनिकला जाऊन पीएचडी केली. दवाखाना थाटण्यात त्याला रस नव्हता, संशोधन करायचं होतं. १९१३ साली बायको मेरीला घेऊन त्याने न्यूयॉर्क गाठलं. खिसा रिकामा, इंग्रजीची बोंब. पीएचडीवाला डॉक्टर दुकानात गालिचे विकायला लागला आणि मेरी बटणं शिवायला.

पुढे कॉर्नेल मेडिकल कॉलेजात काम मिळालं. तिथं तो गिनीपिगच्या योनीतला स्राव काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघायचा. प्रजनन चक्राप्रमाणे पेशी बदलतात, हे त्याने १९१७ साली सहकारी स्टॉकार्डसोबत मांडलं.

बाईच्या शरीरातही असंच होत असेल का? पण नमुने देणार कोण? मेरी तयार झाली. एकदोनदा नाही, वर्षानुवर्षं. वर प्रयोगशाळेतही राबायची. खरं तर या टेस्टला दोघांचं नाव हवं होतं.

नंतर इतर बायकांचे नमुने तपासताना त्याला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी दिसल्या. १९२८ साली त्याने हे जाहीर केलं, तर डॉक्टर मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही. तुकडा काढून तपासता येतो, मग हा उपद्व्याप कशाला? पण तुकडा काढतात तो शंका आल्यावर. इथं बाईला काहीच त्रास नसताना धोका कळत होता. हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञासोबत त्याने १९४१ चा लेख आणि १९४३ चं पुस्तक काढलं, तेव्हा कुठे चक्रं फिरली. पुढच्या काही दशकांत अमेरिकेत या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. नोबेल मात्र मिळालं नाही. १९६२ साली तो गेला. मेरी त्यानंतर वीस वर्षं जगली.

पण या टेस्टला प्रयोगशाळा लागते, पेशी ओळखणारा तज्ज्ञ लागतो, आणि रिपोर्टसाठी बाईला परत यावं लागतं. मजुरी बुडवून दुसरी खेप कोण करणार? गरीब देशांत घोडं इथंच अडलं.

म्हणून मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वेगळा मार्ग आजमावला. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधला आंबट घटक लावायचा. संशयास्पद भाग एखाद्या मिनिटात पांढरा पडतो. दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांना हे शिकवलं, वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास झाला. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही, यावरून वादही बराच झाला. तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी निघाले.