वाल्डेमार हाफकिन : पटकी आणि प्लेगच्या लशीचे जनक

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्या सर्व सभासदांच्या कानावर आहे. सर्पदंशावरचे औषध, पोलिओचे डोस म्हटले की हे नाव निघतेच. पण ते ज्यांचे आहे, त्या माणसाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. म्हणून हा लेख.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 1860 चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात. ज्यू असल्यामुळे रशियात पुढची वाट बंद झाली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना आधी काम मिळाले ते ग्रंथालयात. तिथेच त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली.

पटकी हा पाण्यातून पसरणारा रोग. आपल्याकडे तिला मरीआईचा कोप समजत आणि गावाच्या वेशीवर नैवेद्य ठेवत. रॉबर्ट कॉख यांना 1884 मध्ये कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात तिचे जंतू सापडले होते. त्याच कलकत्त्यात हाफकिन 1893 मध्ये आले. झोपडवस्तीतली माणसे ज्या तळ्यात कपडे धूत, त्याचेच पाणी पीत. नळ आणि गटारे आधी करा, सुया कशाला, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. म्हणणे चुकीचे नव्हते. शुद्ध पाण्याला लस हा पर्याय नाही, हे 2019 च्या पुरानंतर विहिरींत टीसीएल पावडर टाकताना आपणही अनुभवले आहे. पण नळ येईपर्यंत त्या वस्तीने काय करायचे? 1894 मध्ये काट्टाल बागान वस्तीत पटकी आली तेव्हा हाफकिन यांनी निम्म्याहून अधिक लोकांना लस टोचली. त्यानंतर जे आजारी पडले ते लस न घेतलेल्यांपैकी होते.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि सरकारने हाफकिन यांना तिकडे पाठवले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी तीही आधी स्वतःला टोचली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना. ते वर्ष मोठे कठीण होते. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या; पुण्यात घरझडत्यांच्या जुलमातून रँडचा खून झाला. सरकारी माणूस दाराशी आला की लोक धास्तावत. कोरोनात कोगनोळी नाक्यावर प्रमाणपत्रासाठी गाड्या अडत होत्या आणि घराघरांत लशीवरून वाद होत होते, तेव्हा त्या धास्तीची थोडी कल्पना आपल्यालाही आली. आगाखानांनी स्वतः लस घेऊन आपल्या समाजाला धीर दिला. 1898 मध्ये हुबळी-धारवाड भागातही ही लस हजारोंना टोचली गेली. आपल्या बेळगाव जिल्ह्यासारखाच तो भागही तेव्हा मुंबई इलाख्यात होता. पुढच्याच वर्षी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

मग 30 ऑक्टोबर 1902 चा दिवस आला. पंजाबातील मलकवाल गावी 107 जणांना लस दिली गेली. त्यातल्या एका बाटलीतून लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट नोंदीत होती. तरीही तिच्याकडे पाहायला चार-पाच वर्षे लागली. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रात जाहीरपणे बाजू मांडली, तेव्हा 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. एकोणीस घरांचे दुःख खरे होते, पण त्याचा सगळा भार एका परक्या माणसाच्या डोक्यावर टाकणे सोयीचे होते, असे आम्हाला वाटते. हाफकिन भारतात परतले, पण कलकत्त्याला. स्वतः उभारलेली परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही.

1925 मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. पुढे बरीच वर्षे आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा, कुणाला तरी ती सुई आठवत असेल.