विजेला जमिनीची वाट दाखवणारे फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन १७०६ मध्ये बोस्टनला जन्मले. शाळा दोनच वर्षे, पेशा छपाईचा. १७५० मध्ये प्रयोग करताना झटका बसून त्यांची शुद्ध हरपली. तरी प्रयोग थांबले नाहीत. छपरावरची सळई तारेने ओल्या जमिनीत नेली की वीज घराला धक्का न लावता जमिनीत उतरते, हे त्यांनी दाखवले. पेटंट मात्र घेतले नाही. लकव्याच्या रुग्णांना विजेचे झटके देऊन पाहिले; कायमचा गुण येत नाही, हेही लपवले नाही. १७९० मध्ये ते वारले.

बीडमध्ये अवकाळीत आजही माणसे झाडाखाली थांबतात. पक्के घर किंवा बंद मोटार गाठा. वीज पडलेल्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा, १०८ ला कळवा.